घागरीची मागची बाजू

कला संचालनालयाच्या शासकीय रेखाकला परीक्षांना दरवर्षी राज्यभरातून लाखो मुलं बसतात. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ही नावं लातूर जिल्ह्यातल्या चाकूरसारख्या तालुक्याच्या गावातही कुणाला समजावून सांगावी लागत नाहीत. श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळू लागल्यापासून तर चित्रकलेशी काडीचं देणंघेणं नसलेले पालकही हौसेने रंगपेटी आणून देतात. या परीक्षांत एक पेपर वस्तूंवरून काढायच्या चित्राचा असतो, एलिमेंटरीला वस्तुचित्र आणि इंटरमिजिएटला स्थिरचित्र. दुसरा असतो स्मरणचित्राचा. पहिल्यात समोर टेबल, टेबलावर घागर, वाटी, एखादं फळ, मागे चुण्या पडलेलं कापड. दिसतं ते काढायचं. दुसऱ्यात बाजार, जत्रा, बसस्थानक असा विषय छापून येतो. समोर काहीच नसतं, डोक्यातून काढायचं. वेळापत्रकाच्या सोयीसाठी ही वाटणी ठीक आहे. पण मुलं, पालक आणि कित्येक शिक्षकही तिच्यातून एक सिद्धांत काढतात: निरीक्षण वेगळं आणि कल्पना वेगळी; घागर काढताना कल्पना केली तर चुकलं, आणि जत्रा काढताना निरीक्षणाचं कामच नाही. माझं म्हणणं असं की हा सिद्धांत दोन्ही टोकांना खोटा आहे. कल्पनेवाचून एकही घागर धड उभी राहत नाही, आणि निरीक्षणावाचून काढलेली जत्रा बहुधा दुसऱ्याच कुणाची तरी असते.

आधी घागरीकडे वळू. घागरीकडे पाहणं आणि कागदावर रेघ मारणं ही दोन कामं सहसा एका वेळी होत नाहीत. नजर घागरीवर असते तेव्हा पेन्सिल थांबलेली असते. पेन्सिल चालते तेव्हा नजर कागदावर असते. म्हणजे रेघ उमटते ती आठवणीतून. ती आठवण सेकंदा-दोन सेकंदांचीच असेल, पण वस्तुचित्र नावाच्या पेपरात मूल खरं तर शेकडो छोटी स्मरणचित्रं एकापुढे एक जोडत असतं. डोळ्याची घडणही याला दुजोरा देते. माणसाला अगदी लख्ख दिसतं ते नजरेच्या मधल्या जेमतेम दोन अंशांत, हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या रुंदीएवढ्या जागेत. बाकीचं सगळं कमी-अधिक धूसर असतं, आणि नजर सेकंदाला साधारण तीन उड्या मारत हे तुकडे गोळा करत राहते. सलग, पूर्ण, एकसारखी स्पष्ट घागर डोळ्यात कधीच नसते. ती मनात जुळवलेली असते. मियाल आणि चालेन्को या संशोधकांनी हम्फ्री ओशन या इंग्लिश चित्रकाराच्या डोळ्यांच्या हालचाली चित्र काढताना टिपल्या. त्यांचा लेख २००१ साली प्रसिद्ध झाला. त्यांना दिसलं ते असं की रोजच्या पाहण्यात भिरभिरणारी त्याची नजर चित्र काढताना दर खेपेला एकाच बारकाव्यावर जाऊन थांबते, तेवढाच उचलते आणि कागदावर परतते. काय उचलायचं हे तो आधी ठरवतो. समोरच्या वस्तूत हजार गोष्टी असताना या घटकेला फक्त मानेचा उतार हवा आहे असं ठरवायचं, तर अजून न झालेलं चित्र थोडं तरी मनात उभं असावं लागतं. त्या उभं असण्यालाच मी कल्पना म्हणतो आहे. कल्पना म्हणजे परीला पंख लावणं एवढाच अर्थ घेतला तर पुढचं सगळं विवेचन फुकट जाईल.

आता प्रत्यक्ष चूक कुठे होते ते पाहू. कोणत्याही शाळेतली वस्तुचित्रांची चळत काढा, दोन चुका हमखास सापडतात. घागरीचं तोंड हवं त्यापेक्षा जास्त गोल काढलेलं असतं आणि बूड सपाट, पट्टीने आखल्यासारखं. टेबलावर ठेवलेली घागर थोड्या वरून पाहिली तर तोंड लंबगोल दिसतं, आणि बूड नजरेच्या पातळीपासून आणखी खाली असल्याने त्याचा लंबगोल तोंडापेक्षाही अधिक फुगीर असायला हवा. मुलं नेमकं उलटं करतात. हे डोळे फुटले म्हणून होत नाही. रॉबर्ट थाउलेस या मानसशास्त्रज्ञाने १९३१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना तिरपी ठेवलेली गोल तबकडी दाखवली आणि ती कशी दिसते ते नोंदवायला सांगितलं. लोकांनी निवडलेला लंबगोल डोळ्यात खरोखर पडणाऱ्या आकृतीपेक्षा सातत्याने जास्त गोल होता. तबकडी मुळात गोल आहे हे ज्ञान दिसण्याला स्वतःकडे ओढत होतं. घागरीच्या तोंडाचं तेच होतं. बुडाचं कारणही ज्ञानच: घागर टेबलावर नीट बसली आहे, डुगडुगत नाही, म्हणजे खालची रेघ सरळच असणार असं मूल गृहीत धरतं. फ्रीमन आणि जॅनिकून यांनी १९७२ साली मुलांपुढे एक कप असा ठेवला की कान पलीकडे गेलेला आणि पुढच्या बाजूला एक फूल. लहान मुलांनी न दिसणारा कान काढला आणि दिसणारं फूल गाळलं. सातआठ वर्षांच्या पुढच्या मुलांत हे बदललं. कपाला कान असतोच, फुलाचं काय, असू शकतं नसू शकतं.

यावर नेहमीचा उपाय म्हणजे मुलाला दटावणं: डोक्यातलं काढू नकोस, बघून काढ. घोडं पेंड खातं ते इथेच. मूल बघतच असतं. त्याच्या पाहण्यात आयतं ज्ञान आधीच मिसळलेलं असतं आणि ते बाजूला काढायला नुसता आणखी एक डोळे ताणून टाकलेला कटाक्ष पुरत नाही. चांगला कलाशिक्षक काय करतो ते पाहिलं म्हणजे हे ध्यानात येतं. तो मुलाला घागरीच्या मधोमध एक उभी रेघ धरायला लावतो, जी घागरीवर कुठेच नाही. तोंडाचा आणि बुडाचा लंबगोल पूर्ण काढायला लावतो, म्हणजे घागर काचेची आहे असं समजून मागची न दिसणारी कडही आखायला लावतो. पेन्सिल हातभर अंतरावर उभी धरून, एक डोळा मिटून उंचीशी रुंदीचं माप घ्यायला लावतो, जणू घागरीपुढे एक अदृश्य काच उभी आहे. या तिन्ही गोष्टी शंभर टक्के कल्पना आहेत आणि तिन्हींचाही हेतू निरीक्षण अचूक करण्याचा आहे. आणखी एक कसोटी जुने शिक्षक सांगतात ती तर फारच बोलकी आहे. घागरीशेजारी तांब्या ठेवला असेल तर दोघांच्या बुडाचे लंबगोल कागदावर पूर्ण करून पाहायचे. ते एकमेकांत घुसले तर प्रत्यक्षात घागर आणि तांब्या एकाच जागी उभे राहायला हवेत, म्हणजे चित्र चुकलं. दिसणाऱ्या कडा कितीही सफाईदार असोत, चूक पकडली जाते ती न दिसणाऱ्या भागात.

रंगाचंही तसंच. स्टीलचा तांब्या मुलं करड्या रंगाने रंगवून मोकळी होतात, कारण स्टील करडं असतं हे ठरलेलं. चकचकीत स्टीलला स्वतःचा असा रंग फारसा नसतो. मागे लाल कापड असेल तर तांब्याच्या कडेला लाल पट्टा येतो, खिडकी असेल तर पोटावर ताणलेला पांढरा चौकोन येतो, शेजारच्या लिंबाची पिवळी फाक खालच्या अंगाला येते. हे पट्टे दिसायला लागतात कधी? कुणीतरी विचारलं की, या तांब्याच्या जागी तू बसला असतास तर तुला समोर काय दिसलं असतं? हा प्रश्न कल्पनेला विचारलेला आहे, आणि उत्तर मिळाल्याबरोबर डोळ्याला आतापर्यंत न दिसलेला लाल पट्टा दिसू लागतो.

मग निरीक्षण आणि कल्पना यांची फारकत झाली कुठून? तिचं एक कारण आपल्या कलाशिक्षणाच्या इतिहासात आहे. मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली सुरू झालं आणि त्यानंतरच्या दशकांत इथलं चित्रकलेचं शिक्षण लंडनच्या साऊथ केन्सिंग्टनच्या कलाशाळेच्या वळणावर गेलं. बिनचूक बाह्यरेषा, भूमिती, नमुन्यावरून नक्कल, असा तो टप्प्याटप्प्याचा अभ्यासक्रम. त्यामागे एक धारणा होती आणि राज्यकर्त्यांनी ती लपवलीही नाही. १८७७ ते १८८० या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेले रिचर्ड टेंपल यांनी १८८३ च्या आपल्या पुस्तकात लिहिलं की वस्तू बरहुकूम काढण्याचं शिक्षण हिंदी लोकांच्या मनातले काही दोष दुरुस्त करील आणि त्यांची निरीक्षणशक्ती वाढवील. म्हणजे कल्पना आमच्याकडे गरजेपेक्षा जास्तच आहे, निरीक्षण मात्र पाजावं लागेल, असं ते निदान. वस्तुचित्र हे असं औषध म्हणून आलं, आणि औषधाच्या वेळी पथ्य पाळायचं म्हणून कल्पनेला बाहेर ठेवलं गेलं. पुढे १९१९ मध्ये ग्लॅडस्टन सॉलोमन जे. जे.चे प्राचार्य झाले आणि एकीकडे जिवंत माणूस समोर बसवून रेखाटनाचे वर्ग आणि दुसरीकडे भारतीय वळणाच्या भित्तिचित्रांचा वर्ग अशा दोन्ही चुली त्यांनी एकाच संस्थेत पेटवल्या. पण चुली दोनच राहिल्या. आजच्या प्रश्नपत्रिका त्या निदानाचं नाव घेत नाहीत हे खरं. सवय मात्र कागदपत्रांपेक्षा जास्त जगते.

इथे कुणी म्हणेल, मग वस्तुचित्र हा प्रकारच परका आहे, तो सोडून द्या. आपली परंपरा भावाची आणि कल्पनेची. हा आक्षेप ऐकायला गोड आहे, पण पुरावा त्याच्या विरुद्ध जातो. कामसूत्रावरच्या यशोधराच्या जयमंगला टीकेत चित्राची सहा अंगं सांगितली आहेत: रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजन, सादृश्य आणि वर्णिकाभंग. यात प्रमाण आणि सादृश्य भावाच्या पंक्तीला बसलेले आहेत. कुणी कुणाचं पथ्य नाही. मराठवाड्यातच असलेल्या अजिंठ्याची छतं पाहा. लेण्यांतल्या कथाचित्रांकडे सगळ्यांचं लक्ष जातं, पण पहिल्या आणि दुसऱ्या लेण्याच्या छतावर चौकटी-चौकटीत फळं, कळ्या, कमळाची देठं, हंस, हत्ती रंगवलेले आहेत. कमळाच्या देठाचा बाक, पान उलटताना दिसणारी त्याची पाठ, ही तळ्याकाठी बसून पाहिलेली गोष्ट आहे. त्या देठाला वळसा देऊन चौकटीचा कोपरा कसा भरायचा, हत्तीच्या पायात ते कसं गुंतवायचं, हे तळ्यात कुठे सापडणार? दोन्ही एकाच हाताने, एकाच रेघेत केलं आहे. जे. जे.तलेच शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून बरीच वर्षं जे. जे.च्या विद्यार्थ्यांना घेऊन या चित्रांच्या प्रती करवल्या. त्यातल्या कित्येक पुढे लंडनमध्ये आगीत गेल्या. बरहुकूम नक्कल शिकलेल्या मुलांना नक्कल करायला मिळालं ते असं काम, ज्याच्या कर्त्यांनी कधी बरहुकूम नक्कल केली नव्हती. या गमतीकडे त्या काळी फारसं कुणी पाहिलं नसावं.

युरोपातही वस्तुचित्र म्हणजे समोरच्या टेबलाची नोंद, असं कधी नव्हतं. सतराव्या-अठराव्या शतकातल्या डच पुष्पचित्रांत एकाच फुलदाणीत वसंतातले ट्यूलिप आणि उन्हाळ्यातले गुलाब एकत्र दिसतात. तसा गुच्छ त्या दिवसांत कुणाच्या टेबलावर असणं शक्य नव्हतं. प्रत्येक फूल मात्र प्रत्यक्ष पाहून काढलेलं. यान व्हान ह्युसम हा चित्रकार या बाबतीत इतका हट्टी की १७४२ साली त्याने एका गिऱ्हाइकाला कळवलं, पिवळा गुलाब मिळाला नाही म्हणून चित्र पुरं झालं नाही. त्याच्या एका चित्रावर तर १७३६ आणि १७३७ अशी दोन सालं आहेत, कारण सगळी फुलं हाती यायला दुसरा हंगाम उजाडावा लागला. पाकळी कल्पनेने काढायला त्याची तयारी नव्हती, आणि गुच्छ पाहून काढणं शक्यच नव्हतं. फ्रेंच चित्रकार सेझानच्या चित्रांत टेबलाची कड कापडाखाली डाव्या बाजूला एका उंचीवर शिरते आणि उजव्या बाजूला दुसऱ्याच उंचीवर बाहेर येते; सफरचंदांपुढे तो इतका वेळ बसायचा की फळं सडून जायची. बोलोन्याचा चित्रकार जॉर्जो मोरांदी (१८९०–१९६४) आयुष्यभर त्याच त्या बाटल्या आणि डबे मांडत राहिला, पण त्यांची लेबलं काढून आणि त्यांना मळकट रंग फासून. म्हणजे चित्र सुरू होण्याआधीच त्याने वस्तूंवर हात चालवला होता. आणि पॅरिसमध्ये ओरास लकॉक द ब्वाबोद्राँ हा शिक्षक विद्यार्थ्यांना चित्रं नुसती पाहायला पाठवायचा आणि परत आल्यावर आठवणीने काढायला लावायचा. या पद्धतीवर त्याने १८४८ साली पुस्तक लिहिलं. त्याच्या विद्यार्थ्यांतला आँरी फाँतँ-लातूर पुढे कशासाठी गाजला? फुलदाण्या आणि फळं समोर ठेवून काढलेल्या स्थिरचित्रांसाठी. स्मरणाच्या तालमीतून निरीक्षणाचा मल्ल तयार झाला.

दुसऱ्या टोकाला, स्मरणचित्राच्या पेपरात, काय घडतं? विषय गावाचा असो, शेतीचा असो, सहलीचा असो, कागदाच्या वरच्या भागात दोन त्रिकोणी डोंगर येतात, त्यांच्या खाचेतून अर्धा सूर्य, मधून नागमोडी नदी, काठावर झोपडी आणि झोपडीच्या डोक्यावर झुकलेला नारळ. हे चित्र चाकूरच्या मुलाने काढावं याचं नवल वाटायला हवं. चाकूर बालाघाटच्या पठारावर, लातूर-नांदेड रस्त्यावर. आजूबाजूला काळी जमीन, खरिपात सोयाबीन आणि तूर, बांधावर बाभूळ आणि कडुनिंब, आणि क्षितिज बऱ्यापैकी आडवं. नारळाची रांग आणि बारमाही भरलेली नदी हे इथलं दृश्यच नाही. ज्या जिल्ह्याला २०१६ साली रेल्वेने पाणी आणावं लागलं त्या जिल्ह्यातलं मूल निळ्या खडूने नदी भरभरून रंगवतं. याला कल्पनाशक्ती म्हणून शाबासकी दिली जाते. खरं तर ही पाठांतराची कमाई आहे. कोकणातलं किंवा कॅलेंडरवरचं दृश्य हातोहात फिरत आलं आणि मुलाच्या बोटांत बसलं. पाहिलेल्या गोष्टींचा साठा नसेल तर कल्पना हवेत चालत नाही, ती उसनवारीवर चालते.

साठा इथे कमी आहे असंही नाही. मार्गशीर्षातली वेळ अमावस्या, लातूरकरांची येळवस, हा या भागाचा खास सण. शेतात कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप करतात, आत पाच पांडव मांडतात, आंबिलाचं बिंदगं म्हणजे मातीचं भांडं, भज्जी, उंडे असा नैवेद्य होतो आणि गाव ओस पडून शिवार माणसांनी भरतं. बिंदगं, शेजारी हुरड्यात आलेलं ज्वारीचं कणीस आणि भौगोलिक मानांकन मिळालेल्या पानचिंचोलीच्या चिंचेचे चार आकडे एवढीच मांडणी वर्गात टेबलावर केली तर स्थिरचित्राला दुसरं काही लागत नाही. खरबरीत माती, टपोरे दाणे आणि चिंचेची फुगवट्या-फुगवट्यांची ठिसूळ साल असे तीन पोत एका जागी मिळतात. समजा, मुलाने ही मांडणी खिडकीच्या उजेडात पाहून काढली. आता त्याला सांगायचं: हेच बिंदगं दुपारी कोपात ठेवलेलं काढ. वस्तू तीच, जागा वेगळी, आणि कोप समोर नाही. कडब्याच्या फटींतून ऊन आत येतं ते पट्ट्यापट्ट्यांनी. जमिनीवर ते पट्टे जवळजवळ सरळ पडतात, पण बिंदग्यावर चढताच त्यांना पोटाच्या गोलाईप्रमाणे वळावं लागतं; पोट फुगतं तिथे फाकतात, मानेशी आवळले जातात आणि काठावरून आत उतरताना तुटतात. ज्या मुलाने पहिलं बिंदगं नुसती बाहेरची कड गिरवून काढलं, त्याचे उन्हाचे पट्टे बिंदग्यावरही पट्टीसारखे सरळ जातात आणि बिंदगं कागदी कात्रण होऊन बसतं. ज्याने मागची बाजू धरून, लंबगोल पुरे करून काढलं, त्याला पट्टे कुठे वळतील ते सांगावं लागत नाही. कल्पनेच्या या एका प्रश्नाने निरीक्षण किती खोल गेलं होतं याचा निकाल लागतो. उलट दिशेनेही फायदा होतो: पट्टे चुकलेलं मूल परत टेबलाशी जातं आणि या वेळी कड सोडून पोटाकडे पाहतं.

मराठी चित्रकारांत ही देवाणघेवाण सगळ्यांत जाणीवपूर्वक केली ती प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांनी, असं मला वाटतं. जे. जे.त शिकलेले, विणकर सेवा केंद्रात नोकरी केलेले बरवे घड्याळ, पान, किल्ली, टाचणी, शिंपला असल्या क्षुल्लक वस्तू रंगवत राहिले, आणि त्यासाठी एनॅमल रंग वापरत. त्यांच्या चित्रात वस्तू ओळखू येते, तिची कड नेमकी असते, पण ती टेबलावर नसते. भोवती सपाट, मोकळी जागा. पानाशेजारी घड्याळ का आहे याचं उत्तर दिलेलं नसतं. त्यांच्या 'कोरा कॅनव्हास' या पुस्तकात वस्तू, आठवण आणि रिकामी जागा यांचा विचार वारंवार येतो, आणि तो चित्रकाराने स्वतःच्या कामातून काढलेला असल्यामुळे विद्वत्तेचा वास त्याला नाही. त्यांच्या पानाकडे नीट पाहिलं तर कळतं की पान मनात सैल करून मग काढलं आहे. आधी ते घट्ट पाहिलेलं नसतं तर सैल करायला काही उरलंच नसतं. बरवे यांना अमूर्ताकडे झुकलेले म्हणून बाजूला ठेवण्याची रीत आहे. वस्तुचित्राच्या वर्गात त्यांची चित्रं दाखवणं मला जास्त रास्त वाटतं.

आक्षेप दोन-तीन उरतात, आणि ते हलके नाहीत. पहिला असा की हे सगळं पोचलेल्या कलावंतांचं झालं. पोराने आधी घागर तर सरळ काढावी, कल्पनेचे खेळ नंतर. क्रम असावा हे मला मान्य आहे, पण क्रम निरीक्षणातून कल्पनेकडे असा लावता येत नाही, कारण सरळ घागरीला लागणारा आस आणि मागची कड या कल्पनाच आहेत. सोप्या कल्पनेकडून अवघड कल्पनेकडे असा क्रम लावता येईल: आधी मागची बाजू, मग उजेडाची दिशा बदलून पाहणं, मग नसलेली वस्तू आणणं. दुसरा आक्षेप मोबाइलचा. फोटो काढला की वस्तू जशीच्या तशी मिळते, मग त्यावरून चित्र काढायला काय हरकत? हरकत अशी की फोटोत निवड आधीच झालेली असते. एका डोळ्याने, एका क्षणी, एका जागेवरून घागर सपाट करून दिलेली असते. मान हलवून पलीकडची कड तपासायची सोय संपते, आणि मुलाला करायचा होता तो नेमका भाग यंत्राने उरकलेला असतो. सराव म्हणून मोबाइल उपयोगी पडतो तो निराळ्या तऱ्हेने. चित्र आधी काढून व्हावं आणि मग त्याच जागेवरून फोटो घेऊन तोंडाचा लंबगोल ताडून पाहावा. थाउलेसला सापडलेली ओढ तिथे मापात दिसते.

तिसरा आक्षेप परीक्षकाचा, आणि मला तोच सगळ्यांत वजनदार वाटतो. लाखो कागद तपासायचे. समोरची मांडणी सगळ्यांना सारखी असते म्हणून तुलना होते. कल्पना आली की ज्याच्या-त्याच्या आवडीने गुण पडतील. पण कल्पना तपासता येत नाही हे गृहीतक तपासून पाहायला हवं. समजा, स्थिरचित्राच्या पेपरात मांडणीच्या जोडीला एवढीच सूचना छापली: समोर नसलेली, घरातल्या वापरातली एक वस्तू या वस्तूंच्या मधे ठेवलेली दाखवा. आता परीक्षकाने आवड बाजूला ठेवून पाहावं. आणलेल्या वस्तूचा लंबगोल तिच्या उंचीला शेजारच्या घागरीशी जुळतो का, म्हणजे नजरेची पातळी एकच आहे का. तिची सावली त्याच बाजूला, तिच्या उंचीच्या त्याच प्रमाणात लांब पडते का. तिचं बूड घागरीच्या बुडात घुसत नाही ना. ती स्टीलजवळ ठेवली असेल तर तांब्यात तिचा रंग उतरला का. यातली एकही बाब चवीवर सोडलेली नाही, चारही पट्टी लावून मोजता येतात. उलट आजच्या पद्धतीत मांडणी मुलं आधीच पाठ करून येतात. घागर कुठे, कापडाच्या चुण्या किती, सावली कोणत्या पेन्सिलीने, हे शिकवणीत ठरलेलं असतं आणि कित्येक कागद समोरच्या घागरीऐवजी शिकवणीतल्या घागरीचे असतात. पाठ केलेल्या घागरीत नसलेली वस्तू बसवता येत नाही, कारण तिला मागची बाजू नसते. सूचनेने चार मिनिटं जास्त खर्ची पडतील, तपासायला कदाचित थोडा वेळ अधिक लागेल, आणि पहिली दोन-तीन वर्षं वरच्या श्रेणी कमी लागून पालकांची ओरड होईल.